१ जूनचा वाढदिवस आणि एक रुपया दंड : शिरोळच्या शाळांची पहिली पानं

(हा एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना आवडतो त्यांच्यासाठी. बोललो तसंच जवळपास ठेवलंय, फक्त खोकला आणि चहाचे घोट काढून टाकलेत.)



एक प्रश्न विचारतो. तुमच्या घरात १ जूनला वाढदिवस असलेली किती माणसं आहेत?

आमच्याकडं १ जून उजाडला की फॅमिली ग्रुपवर केकच्या इमोजींचा पूर येतो. आजोबा, त्यांचे चुलत भाऊ, गल्लीतले एक रिटायर्ड गुरुजी, दूधसंस्थेतले काका. सगळे एकाच दिवशी जन्मलेले. लहानपणी मला वाटायचं, हा काय योगायोग! मग एकदा आजोबाच हसून म्हणाले, "आरं, माझा जन्म पावसाळ्यात झालाय. भात-बीत लावत हुते म्हणं तवा. एक जून गुरुजींनी लिवलं."

तर हा सगळा मामला गुरुजींचा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. बाप पोराला घेऊन यायचा, जन्मतारीख विचारली की म्हणायचा, "मोठा पूर आलता त्या साली" किंवा "थोरलीच्या लग्नाच्या आदल्या वर्षी". गुरुजी पोराकडं बघायचे, वयाचा अंदाज घ्यायचे आणि १ जून टाकून मोकळे. नोकरी, पेन्शन, आधार, सगळं पुढं त्या एका ओळीवर उभं राहिलं.

आता यातली गंमत बाजूला ठेवा आणि जरा थांबून बघा. आपल्या खापरपणजोबांचं नाव बहुतेक कुठल्याच कागदावर नसतं. असलंच तर जमिनीच्या नाहीतर कर्जाच्या. मग एक पिढी अशी येते की सात वर्षांच्या पोराचं नाव, बापाचं नाव, जात, वय एका रजिस्टरात चढतं. सरकारनं त्या पोराला पहिल्यांदा 'बघितलं' ते शाळेच्या दारात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरं कपाटातून बाहेर आली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, ते याचमुळं.

तर आजची गोष्ट त्या रजिस्टराची. गाव आपलं शिरोळ आणि आजूबाजूचा मुलूख.

चार नद्या, अनेक राजे

ज्यांनी शिरोळ बघितलं नाही त्यांच्यासाठी आधी नकाशा. कोल्हापूर जिल्ह्याचं पूर्वेचं टोक. पश्चिमेला राधानगरी, गगनबावड्याचे डोंगर आहेत, तसं इथं काही नाही. सपाट काळी जमीन. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा, चार नद्या या एका तालुक्याला लागून वाहतात. पलीकडं कर्नाटक. कित्येक घरांत आजही आजी कन्नड बोलते आणि नातू मराठीत उत्तर देतो.

आज हा एक तालुका आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथं राज्यांची गोधडी होती. शिरोळ हा कोल्हापूर संस्थानचा पेटा. पेटा म्हणजे आजच्या तालुक्यासारखाच भाग. पण शेजारचं कुरुंदवाड पटवर्धनांचं, म्हणजे वेगळं संस्थान. इचलकरंजी घोरपड्यांची जहागीर. कृष्णा-वारणा ओलांडली की सांगली आणि मिरज, तीही पटवर्धनांचीच, पण पुन्हा वेगळी संस्थानं.

हे का सांगतोय? कारण शाळेचा हुकूम राज्याच्या हद्दीपर्यंतच चालतो. एकाच नदीचं पाणी पिणारी दोन पोरं, एकाला शाळा सक्तीची आणि दुसऱ्याला नाही, असं होऊ शकत होतं.

पंतोजींची पडवी

सरकारी शाळा यायच्या आधी शिक्षणच नव्हतं असं नाही. महाराष्ट्रात जागोजागी पंतोजींच्या शाळा होत्या. कुणाच्या तरी पडवीत किंवा देवळाच्या ओवरीत पोरं बसायची. फळीवर धूळ पसरायची आणि तिच्यावर अक्षरं गिरवायची. ती धूळपाटी. पुसायला हात फिरवला की झालं. मग बोरू, मग मोडीचा कित्ता.

गणित मात्र जबरदस्त. पाढे तर होतेच, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकीसुद्धा तोंडपाठ. आपल्याला आज सव्वा गुणिले सतरा विचारलं तर खिशातला मोबाईल निघतो. त्या पोरांना ते म्हणावं लागायचं, सगळ्यांनी मिळून, सुरात.

पण पंतोजींची मजुरी पालक द्यायचे, कधी पैशात, कधी धान्यात. त्यामुळं शाळेत कोण यायचं हे उघड आहे. ज्याला हिशेब ठेवायचाय तो व्यापारी आणि ज्याला लिखापढी करायचीय ते ब्राह्मण. कुणब्याचं पोर क्वचित. महार-मांगांच्या पोरांना तर ओवरीच्या जवळ जायलाही बंदी. आणि मुलींचा प्रश्नच यायचा नाही.

म्हणजे गावात अक्षर होतं, पण ते दोन-चार घरांत कोंडलेलं होतं. शेतकऱ्याचा सारा किती, बाकी किती, कर्ज फिटलं की नाही, हे त्याला दुसरा कुणीतरी वाचून सांगायचा. तो सांगेल तेच खरं मानायचं. खाली अंगठा.

पैसा शेतकऱ्याचा, शाळा कुणाची?

इंग्रजी अंमलात सरकारी मराठी शाळा निघायला लागल्या. कोल्हापूर शहरात १८५१ मध्ये इंग्रजी शाळा सुरू झाली, तीच पुढं राजाराम हायस्कूल. राजाराम कॉलेज १८८० चं. पेट्याच्या ठिकाणी, मोठ्या गावांत मराठी शाळा आल्या. पण लहान गावं तशीच राहिली.

मुंबई इलाख्यात १८६३ पासून शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागं एक आणा जादा पट्टी बसवली होती आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी होता. म्हणजे पैसे शेतकरी देतोय. १८८२ मध्ये हंटर कमिशन आलं तेव्हा महात्मा फुल्यांनी नेमकं इथंच बोट ठेवलं. ज्यांच्याकडनं पैसा घेता त्यांच्या पोरांना शाळा नाही, आणि सरकारचा खर्च मात्र वरच्या शिक्षणावर. त्यांची मागणी होती, बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा.

सरकारनं ते केलं नाही. १८९३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी अमरेली भागात सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केलं. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं बिल आणलं, ते पुढच्या वर्षी पडलं. खर्च कोण करणार, लोक चिडतील, अशी कारणं होती.

ही मागणी कोल्हापुरात प्रत्यक्षात आली.

१९१७

राजर्षी शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले. सुरुवातीला त्यांचा भर शहरातल्या वसतिगृहांवर होता. १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी कोल्हापुरात बोर्डिंगं निघाली. खेड्यातलं हुशार पोर शहरात राहून शिकावं ही कल्पना. १९०२ मध्ये नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागास वर्गांसाठी राखून ठेवायचा हुकूम आला.

पण बोर्डिंगपर्यंत पोचणारं पोर आधी गावात चौथी तरी शिकलेलं पाहिजे ना? गावात शाळाच नसेल तर बोर्डिंगच्या खोल्या कुणासाठी?

१९१७ च्या जुलैमध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करायचं जाहीर केलं, सप्टेंबरमध्ये कायदा आला. वर्षाला एक लाख रुपयांची तरतूद केली. शाळेला इमारत नसेल तर गावातलं देऊळ, चावडी, धर्मशाळा वापरा, पण थांबू नका, असं धोरण. आणि जो बाप पोराला शाळेत पाठवणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड.

एक रुपया ऐकून हसू नका. शेतमजुराची रोजची मजुरी तेव्हा काही आण्यांत होती. आणि रुपयाचे सोळा आणे. म्हणजे दंड भरायचा तर कित्येक दिवसांची कमाई गेली.

या योजनेतली पहिली शाळा ४ मार्च १९१८ ला करवीर पेट्यातल्या चिखलीत सुरू झाली. पहिल्या वर्षी सक्तीच्या शाळा तीसपेक्षाही कमी होत्या. १९२२ मध्ये महाराज गेले, तोपर्यंत तो आकडा चारशेच्या पुढं गेला होता.

आणि हे सगळं कुठल्या काळात? पहिलं महायुद्ध चालू होतं, महागाई वाढलेली. प्लेगच्या फेऱ्या संपल्या नव्हत्या. १९१८ च्या शेवटाला इन्फ्लुएन्झाची साथ आली, त्यात एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं गेली. पाऊसही दगा देऊन गेला. शाळा पुढं ढकलायला यापेक्षा चांगली कारणं कुठल्याही सरकारला सापडणार नाहीत.

स्टेशनाशेजारचं गाव

त्याच काळात शिरोळजवळ अजून एक गोष्ट घडत होती. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली होती. तिच्यावर एक स्टेशन होतं, 'शिरोळ रोड'. स्टेशनाजवळच्या मोकळ्या माळावर १९१७ च्या सुमारास महाराजांनी नवी बाजारपेठ वसवली आणि आपल्या जन्मदात्या वडिलांचं, जयसिंगराव घाटगे यांचं नाव दिलं. तेच जयसिंगपूर. हो, ऊस परिषदेचं जयसिंगपूर! तिथं कधी चालला असाल तर रस्ते पट्टीनं आखल्यासारखे आहेत, एकमेकांना काटकोनात, आणि गल्ल्या नंबरानं ओळखल्या जातात.

हे बघून मला नेहमी अमेरिकेतली प्रेअरीतली गावं आठवतात. तिथंही सपाट गवताळ माळ. रेल्वे आली, स्टेशन झालं, सर्व्हेवाल्यांनी चौकोन आखले आणि गाव उभं राहिलं. तिथं १७८५ पासून नियम होता. जमिनीचे छत्तीस चौकोन पाडायचे आणि त्यातला सोळावा शाळेच्या खर्चासाठी राखून ठेवायचा. गावात माणूस राहायला यायच्या आधी शाळेची सोय नकाशावर! मग एक खोली, एक शिक्षिका, सगळ्या इयत्ता एकत्र.

आणि अमेरिका म्हणजे फार पुढं होती असं वाटत असेल तर हे ऐका. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा तिथल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १८५२ मध्ये केला, पण शेवटच्या राज्यानं, मिसिसिपीनं, तो केला १९१८ मध्ये. कोल्हापूर संस्थानाच्या एक वर्ष नंतर! भावा, नाद खुळा म्हणायचं तर इथं म्हण.

फरक एकच, पण मोठा. त्या माळावरच्या गावांत शाळा गावकऱ्यांनी मागितली आणि बांधली. आपल्याकडं शेतकऱ्याला आधी पटवायला लागलं की ही शाळा तुझी आहे.

पोर शाळेत गेलं तर पाखरं कोण राखणार?

आपण गोष्ट सांगताना राजाच्या बाजूनं सांगतो. जरा बापाच्या बाजूनं बघू.

सात-आठ वर्षांचं पोर म्हणजे शेतकऱ्याच्या घरात अर्धा गडी. गुरं राखायची. शाळू हुरड्यात आला की माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकायची. आई भांगलायला गेली की धाकट्याला कडेवर घ्यायचं. त्याला पाच तास देवळात नेऊन बसवलं तर त्याचं काम कोण करणार? आणि बदल्यात काय मिळणार? 'शिकून काय मामलेदार होणाराय?' हा प्रश्न त्या बापाच्या जागी अगदी बरोबर होता.

म्हणून दंड. पण नुसत्या दंडानं पोर शाळेत टिकत नाही. फी माफ झाली, शाळा गावात आली, चालत पाच मिनिटांवर आली, हे जास्त महत्त्वाचं. पोर दुपारी सुटलं की गुरांकडं जाऊ शकत होतं.

आणखी एक गोष्ट त्याच वेळी झाली. १९१८ मध्ये महाराजांनी कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमायला सुरुवात केली. पिढ्यान्‌पिढ्या गावचं दप्तर एकाच घरात होतं, ते आता नोकरीचं काम झालं. शाळा आणि तलाठी या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. एकीकडं गावातल्या पोरांना अक्षर शिकवायचं आणि दुसरीकडं अक्षराच्या जोरावरची वंशपरंपरागत सत्ता काढून घ्यायची. विरोध होणारच होता आणि तो जोरात झाला.

कोण कुठं बसलं?

आता या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग.

शाळा सगळ्यांसाठी म्हटलं तरी बसायची जागा एक नव्हती. अस्पृश्य मुलांच्या शाळा वेगळ्या असायच्या. आणि वर्ग देवळात भरला तर ज्या मुलाला देवळात पाऊल टाकायला बंदी त्यानं कुठं बसायचं? जागा वाचवायची साधी सोय त्याच्यासाठी बंद दरवाजा होती.

१९१९ मध्ये हुकूम निघाला. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करा, त्यांच्या मुलांना सरकारी शाळांत इतरांसारखंच घ्या, शिवाशिव पाळायची नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका आदेशात नोकरदारांना बजावलं होतं की समान वागणूक देणं ज्यांना जमत नसेल त्यांनी राजीनामा द्यावा.

हुकूम निघाला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळी पोरं एका सतरंजीवर बसली असं समजू नका. कागदावरनं गावात यायला हुकुमाला बरीच वर्षं लागतात. पाण्याच्या माठापाशी काय झालं, पाटी तपासताना ती हातात घेतली की खाली ठेवायला लावली, हे रजिस्टरात लिहिलेलं नसतं. ते दलित लेखकांच्या आत्मकथनांत सापडतं, आणि त्यातली कित्येक १९१९ च्या खूप नंतरची आहेत.

तरी हुकूम महत्त्वाचाच. कारण आता शाळेबाहेर बसवलेल्या मुलाचा बाप म्हणू शकत होता की गुरुजी, हे नियमाविरुद्ध आहे. आणि १९२० च्या मार्चमध्ये शिरोळपासनं फार लांब नसलेल्या माणगावात परिषद झाली, शाहू महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका व्यासपीठावर आले, त्यामागं हीच हवा होती.

मुलींचं काय? कोल्हापुरात मुलींच्या शाळा होत्या, रखमाबाई केळवकरांसारख्या बाईंनी त्यांची व्यवस्था बघितली. पण खेड्यात शाळेची वाट मुलीसाठी फार उशिरा उघडली. तुमच्या पणजीला सही येत होती का, घरी विचारा. बहुतेक घरांत पणजोबाची सही आणि पणजीचा अंगठा असतो. दोघं एकाच गावातले, एकाच काळातले.

याच मातीतली तीन माणसं

आण्णासाहेब लठ्ठे कुरुंदवाडचे. शिकले, कोल्हापुरात प्राध्यापक झाले, शाहू महाराजांचं इंग्रजी चरित्र लिहिलं, पुढं कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री.

विष्णू दिगंबर पलुस्कर, जन्म १८७२, तेही कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली आणि शाळेचा अभ्यास अवघड झाला, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकायला गेले. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ज्याची शाळा सुटली त्यानं गाण्याची शाळा सगळ्यांसाठी उघडली!

आणि शेजारच्या हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव पाटील. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून राजाराम हायस्कुलात शिकले. १९१९ मध्ये कराडजवळ काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. शाहू महाराजांनी राज्याच्या तिजोरीतनं जे केलं ते कर्मवीरांनी लोकांच्या मूठ-मूठ धान्यातनं आणि 'कमवा आणि शिका'तनं पुढं नेलं.

पट किती?

पुढचं पटकन सांगतो. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. शाळा लोकल बोर्डाकडं गेल्या, म्हणून म्हातारी माणसं अजून 'बोर्डाची शाळा' म्हणतात. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. कुमार विद्यामंदिर, कन्या विद्यामंदिर, या पाट्या आपण रोज बघतो. २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. फुल्यांच्या मागणीनंतर एकशे अठ्ठावीस वर्षांनी.

२०१९ चा महापूर आठवतोय? गावंच्या गावं पाण्यात. उंचावर होत्या त्या शाळांत माणसं राहिली, खिचडी शिजली, गुरं पटांगणात बांधली. आणि ज्या शाळा पाण्यात गेल्या तिथली दप्तरं भिजली. त्यांत १ जूनवाली पानंही असणार.

आता आजचा प्रश्न. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांचं काय करायचं, यावर राज्यात चर्चा चालू आहे. जवळच्या मोठ्या शाळेत मुलं न्यावीत, बसची सोय करावी, असा एक विचार आहे. त्याच्या बाजूनंही मुद्दे आहेत. आठ मुलांच्या शाळेत खेळायला संघ होत नाही, एकाच गुरुजींवर सगळं येतं, आणि आई-वडील स्वतःच इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या गाडीत मुलं बसवतात.

पण १९१७ चा धडा आठवा. तेव्हाही पोरं कमीच होती आणि पैसा त्याहून कमी. तरी शाळा मुलापर्यंत नेली, मुलाला शाळेपर्यंत चालवलं नाही. बस चुकली, पुलावर पाणी आलं, ऊसतोडीला घर हललं, की सगळ्यात आधी गळतं ते पोर कुठल्या घरचं असतं? ज्याच्या बापाकडं मोटरसायकल नाही त्या घरचं. त्यात मुलगी असेल तर आणखी आधी. नवी व्यवस्था कुठलीही आणा, ती या पोरावर तपासून बघा, एवढंच माझं म्हणणं.

जाता जाता एक काम सांगतो. या सुट्टीत घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. कितवीपर्यंत शिकला, शाळा कुठं भरायची, गुरुजींचं नाव काय, शेजारी कोण बसायचं, शाळा का सुटली, हे विचारा. मोबाईलवर रेकॉर्ड करा. शाळा सोडल्याचा जुना दाखला असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. कागद टिकत नाही मंडळी, विशेषतः आपल्याकडं, चार नद्यांच्या मध्ये.

आणि पुढच्या १ जूनला आजोबांना शुभेच्छा देताना त्या न बघितलेल्या गुरुजींनाही एक द्या. तारीख चुकली असेल त्यांची. पण नाव लिहिलं.

भेटू पुढच्या भागात.